शीघ्रनिर्मित विद्यार्थी-नाट्य : वेग, साठा आणि कर्तृत्व

सारांश

लेखन, तालीम आणि प्रयोग हे सारे एका दिवसाच्या आत पुरे करण्याची नाट्यपद्धती गेल्या तीन दशकांत परदेशातील महाविद्यालयांत रुजली आहे. मराठी महाविद्यालयीन रंगभूमीचा कणा मात्र दीर्घ तयारीची स्पर्धा हाच राहिला आहे. प्रस्तुत लेखात शीघ्रनिर्मित नाट्याचे स्वरूप, दशावतारासारख्या परंपरेशी त्याचे असलेले नाते आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. शीघ्र नाट्याचा कस त्यास लागलेल्या वेळावर ठरत नसून, त्यामागे किती साठा आहे आणि त्यातील निर्णय कोणाचे आहेत यांवर ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : एकांकिका, प्रहसन, युवक महोत्सव, दशावतार, उत्स्फूर्तता, विद्यार्थी-रंगभूमी.

१. प्रस्तावना

‘घाईत केलेले काम’ ही आपल्याकडे निंदा समजली जाते. नाटकाच्या बाबतीत तर ती अधिकच. तालमी किती झाल्या, यावरून प्रयोगाच्या गांभीर्याचा अंदाज बांधण्याची आपली रीत आहे. त्यामुळे एका रात्रीत लिहिलेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सादर झालेले नाटक समीक्षेच्या कक्षेत येऊ शकते, हेच अनेकांना पटत नाही. अशा नाटकाकडे करमणूक, फार तर कार्यशाळेतील एक खेळ म्हणून पाहिले जाते.

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाचे काम काही वर्षे पाहिल्यानंतर ही समजूत तपासून पाहावी, असे प्रस्तुत लेखकास वाटू लागले. ज्या एकांकिकांवर दोन-दोन महिने खर्च होतात, त्यांत विद्यार्थ्यांचे स्वतःचे असे काय उरते, हा प्रश्न त्यामागे होता.

२. चोवीस तासांच्या नाटकाची पद्धती

या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात आकारास आले. टीना फॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्वेंटी फोर अवर प्लेज’ या नावाने हा उपक्रम सुरू केला. त्यामागची प्रेरणा चित्रकथेच्या क्षेत्रातून आली होती. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९० मध्ये चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा पूर्ण करण्याचे आव्हान स्वतःपुढे ठेवले होते. तीच अट येथे रंगमंचाला लावण्यात आली.

पद्धती साधी आहे. आदल्या रात्री लेखक, दिग्दर्शक आणि नट एकत्र जमतात. प्रत्येक जण एखादी वस्तू व एखादा पोशाख बरोबर आणतो. आपल्याला काय विशेष येते आणि रंगमंचावर काय करण्याची इच्छा राहून गेली आहे, हे सांगतो. मग लेखक रात्रभर लिहितात. सकाळी संहिता दिग्दर्शकांच्या हाती पडतात, दिवसभर तालमी होतात आणि संध्याकाळी प्रयोग होतो. पुढे अमेरिकेतील व ब्रिटनमधील विद्यार्थी नाट्यमंडळांनी ही पद्धती आपापल्या सोयीने स्वीकारली.

यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, वेळेची अट सर्वांना सारखीच लागू होते. पैसा, नेपथ्य, बाहेरून आणलेला जाणकार यांपैकी कशाचाही फारसा उपयोग होत नाही. दुसरी, निर्णय टाळता येत नाहीत. पहाटे चार वाजता एखादे पात्र ठेवायचे की काढायचे, हे विचारायला दुसरे कोणी नसते. लिहिणाऱ्याने ते ठरवावेच लागते.

तथापि, वेग आपोआप गुणवत्ता देतो असा याचा अर्थ नाही. सुझन-लोरी पार्क्स या अमेरिकी नाटककर्तीने नोव्हेंबर २००२ पासून वर्षभर रोज एक नाटुकले लिहिले आणि २००६-०७ मध्ये त्यांचे प्रयोग त्या देशातील अनेक नाट्यसंस्थांनी व विद्यापीठांनी केले. रोज एक नाटक हा वेग थक्क करणारा खरा. परंतु हा संकल्प करणारी लेखिका त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिकाची मानकरी ठरलेली होती. एका दिवसाच्या लेखनामागे अनेक वर्षांचा हात होता. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

३. आपल्याकडील स्पर्धा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

मराठी महाविद्यालयीन रंगभूमीची जडणघडण स्पर्धांनी केली, हे निर्विवाद आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून चालवलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा हे त्याचे ठळक उदाहरण. मराठी रंगभूमीवर व चित्रपटात नाव मिळवलेल्या अनेकांची सुरुवात या स्पर्धेच्या रंगमंचावर झाली. विद्यापीठीय पातळीवर युवक महोत्सव आणि राज्यपातळीवर ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव ग्रामीण भागातील महाविद्यालयांनाही रंगमंच मिळवून देतात. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवांत एकांकिकेसाठी ३० मिनिटे आणि प्रहसनासाठी १० मिनिटे अशी मर्यादा आहे. म्हणजे लघुनाट्याचा आकार आपल्याला नवा नाही. नवी आहे ती केवळ ते अल्पावधीत घडवण्याची कल्पना.

या व्यवस्थेने पुष्कळ दिले. परंतु तिच्यातून एक सवयही लागली. बक्षीस मिळवायचे तर संहिता ‘स्पर्धेची’ हवी, दिग्दर्शक ‘स्पर्धा जाणणारा’ हवा, प्रकाशयोजना व संगीत बाहेरून हवे, असा समज ठिकठिकाणी पक्का झाला आहे. लहान गावातील महाविद्यालय जवळच्या शहरातून दिग्दर्शक आणते. तो आपल्या वहीतील एकांकिका बसवतो. विद्यार्थी त्याच्या आवाजातील चढउतार पाठ करतात. प्रयोग नेटका होतो, पण तो कोणाचा, याचे उत्तर देणे अवघड जाते.

२०२२ च्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी कोणत्याही एकांकिकेस करंडक न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नाट्यवर्तुळात मोठी चर्चा झाली. निर्णय योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. त्या चर्चेत दर्जाचा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आणि दर्जा म्हणजे काय, हे मात्र बहुतांशी गृहीत धरले गेले. विद्यार्थी-रंगभूमीचा दर्जा व्यावसायिक सफाईच्या मापाने मोजायचा, की विद्यार्थ्याने स्वतः काय पाहिले आणि स्वतः काय ठरवले या मापाने? दुसरे माप स्वीकारले, तर शीघ्रनिर्मित नाट्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी लागेल.

४. शीघ्रतेची देशी परंपरा

संहितेवाचून उभे राहणारे नाटक मराठी मुलखाला परके नाही. तमाशातील बतावणी सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर चालते. दक्षिण कोकणातील दशावतार तर रात्रभर चालणारे नाट्य उभे करतो आणि तेही परंपरेने लिखित संवादांशिवाय. जत्रेच्या रात्री गणपती, सरस्वती, संकासुर अशी पात्रे असलेले आडदशावतार झाले की आख्यान सुरू होते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते पात्र करायचे, हे आधी ठरते. संवाद मात्र नट जागेवर रचतात. नेपथ्य म्हणजे बहुधा एक बाकडे. तेच सिंहासन, तेच शय्या, तेच रथ. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज.

चोवीस तासांच्या नाटकाशी तुलना करता दशावतारी नटाला त्याहूनही कमी अवधी मिळतो. मग त्याचे नाटक कोसळत का नाही? उत्तर साठ्यात आहे. पुराणकथा त्याला मुखोद्गत असतात. राजाने कसे बोलावे, राक्षसाने कसे गर्जावे, नारदाने कोठे थांबावे, याचे संकेत त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. समोरच्या नटाचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. त्यामुळे त्याचा वेग हा वर्षानुवर्षांच्या संथ शिक्षणाचा शेवटचा टप्पा असतो. जे झटपट दिसते, ते झटपट मिळवलेले नसते.

पथनाट्यात शीघ्रतेचे आणखी एक कारण दिसते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७९ मध्ये बसभाडेवाढीवर ‘डीटीसी की धांधली’ हे पथनाट्य अगदी थोडक्या वेळात उभे केले. येथे घाई घड्याळाने लादलेली नव्हती, प्रसंगाने लादलेली होती. भाडेवाढीचा राग ताजा असतानाच ते नाटक रस्त्यावर येणे आवश्यक होते. तरीही त्यामागे एकत्र काम करण्याची सवय असलेला नटसंच होता, हे विसरता येत नाही.

५. एक लहानसा प्रयोग

या विचाराची पडताळणी म्हणून प्रस्तुत लेखकाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयात एक प्रयोग करून पाहिला. शनिवारी संध्याकाळी पाच ते रविवारी संध्याकाळी पाच असा अवधी होता. एकवीस विद्यार्थी, सात-सातचे तीन गट. प्रत्येकाने घरातील एक वस्तू आणावी, नेपथ्यासाठी वर्गातील दोन बाकांपलीकडे काही वापरू नये, प्रयोग बारा मिनिटांहून लांबू नये आणि बक्षिसे नसावीत, एवढेच नियम होते. शिक्षकांनी सुचवण्या करू नयेत, हा नियम लेखकाने स्वतःला घातला होता. तो पाळणे सर्वांत कठीण गेले.

वस्तू आल्या त्या अशा : कोयता, जाळे विणायची सुई, शिधापत्रिका, मुंबईहून आलेल्या जुन्या मनीऑर्डरींच्या पावत्या, एक कुलूप. पहिल्या गटाचा रात्री अकरा वाजताचा आराखडा अपेक्षेप्रमाणेच होता. दारुडा बाप, रडणारी आई, शेवटी आत्महत्या आणि प्रेक्षकांना उद्देशून संदेश. स्पर्धेच्या एकांकिका पाहून डोक्यात बसलेला तो साचा होता. पहाटे तीनच्या सुमारास लेखनाची जबाबदारी घेतलेल्या विद्यार्थिनीने तो फाडला. आणलेल्या कुलपाकडे बोट दाखवून ती म्हणाली, “आमच्या वाडीत नऊ घरांना कुलूप आहे. गणपतीला उघडतात, मग पुन्हा बंद.” त्यानंतर त्या गटाने जे लिहिले, त्यात कोणी मेले नाही. शेजारच्या बंद घराची चावी सांभाळणारी म्हातारी, गणपतीला येणारे मालक आणि पाच दिवसांपुरते शेजारी असणे, एवढाच विषय होता. शेवट अर्धवट वाटला. परंतु ती वाडी त्यांनी स्वतः पाहिलेली होती.

दुसऱ्या गटात दशावतारी नटाच्या घरातील एक विद्यार्थी होता. युवक महोत्सवाच्या एकांकिकेत त्याला दोन वाक्यांची भूमिका मिळत असे, कारण प्रमाण भाषेतील उच्चारांत तो ‘कमी पडतो’ असे दिग्दर्शकाचे मत होते. संहिता तयार नाही म्हणून गट गोंधळलेला असताना तो म्हणाला, “माका गोष्ट सांगा, फुडचा मी बगतंय.” आणि खरोखरच पाच मिनिटांत त्याने प्रसंग उभा केला. बाकाची होडी झाली, जाळ्याची सुई वल्ह्यासारखी फिरली. पुढील तासाभरात गटातील इतरांना केव्हा आत यायचे, समोरचा अडखळला तर वाक्य कसे झेलायचे, हे तोच शिकवू लागला.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. हा विद्यार्थी जत्रांच्या हंगामात वडिलांबरोबर रात्री काम करतो आणि सकाळच्या तासांना येत नाही. अपुऱ्या हजेरीबद्दल त्याला दोनदा लेखी समज देण्यात आली होती. त्या दोन्ही पत्रांवर प्रस्तुत लेखकाचीच सही होती. महाविद्यालयात नाट्यप्रशिक्षण व्हावे यासाठी आग्रह धरणारा शिक्षक, महाविद्यालयातील सर्वांत प्रशिक्षित नटाला नाटक करण्याबद्दलच ताकीद देत होता, हे ध्यानात येण्यास त्या रविवारची वाट पाहावी लागली.

तथापि, त्या विद्यार्थ्याचा प्रयोग निर्दोष होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बारा मिनिटांचे त्याचे नाटक एकवीस मिनिटे चालले. भर ओसरेना, तसा त्याचा खलाशी हळूहळू पौराणिक राजासारखा बोलू लागला. दोन मुलींच्या वाट्याची वाक्ये त्याने नकळत गिळली. परंपरेचा साठा जसा आधार देतो, तसा तो ओढतही नेतो. उत्स्फूर्त नाट्यात ज्याची जीभ तयार, त्याचेच राज्य चालते, ही त्याची दुसरी बाजू आहे.

६. मर्यादा : वरवरचे आधी हाताला लागते

तिसऱ्या गटाचा अनुभव अधिक अस्वस्थ करणारा होता. त्यांनी शहरी घरात काम करणाऱ्या, मालवणी बोलणाऱ्या बाईवर प्रहसन केले. तिचे बोलणे, चालणे, तिला मोबाइल न समजणे, यांवर सारा विनोद उभा होता. सर्वाधिक हशा त्याच नाटकाला मिळाला. बक्षीस असते, तर बहुधा त्यालाच मिळाले असते. करणारे विद्यार्थी घरी मालवणीच बोलतात, हसणारेही तेच.

यात विद्यार्थ्यांचा दुष्टपणा नव्हता. वेळ कमी असला की हात प्रथम वरच्या थरातील गोष्टीवर पडतो आणि वरच्या थरात दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम, भ्रमणध्वनीवरील चित्रफिती आणि मागील वर्षाची प्रहसने असतात. बोलीची टिंगल, स्त्रीवेषातील पुरुषाचे हावभाव, तोतरेपणा ही त्या थरातील तयार नाणी होत. शीघ्र नाट्य समूहाच्या मनातील पूर्वग्रह गाळणीशिवाय बाहेर काढते.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यातही एक हौशी नटसंच प्रयोगाआधीचा रिकामा वेळ भरून काढण्यासाठी आणि एका नवख्या माणसाला कोर्टाची रीत समजावी म्हणून एक लटका खटला जागच्या जागी रचतो. संहिता नाही, तालीम नाही. हळूहळू त्या खेळाच्या आडून समूहाची क्रूरता लीला बेणारे या सहकारी स्त्रीवर तुटून पडते आणि ‘हा तर खेळ होता’ ही पळवाटही शेवटी हाताशी असते. उत्स्फूर्त नाट्य किती उघडे पाडू शकते, याचे इतके भेदक चित्रण मराठीत क्वचितच आढळेल. एका दिवसाचे नाटक विद्यार्थ्यांच्या हाती देताना शिक्षकाने हे नाटक मनात ठेवावे.

त्याचा अर्थ असे प्रयोग टाळावेत असा नाही. दोन महिने घोटलेल्या एकांकिकेत हे पूर्वग्रह नसतात, असे कोठे आहे? तेथे ते सफाईखाली झाकले जातात. येथे ते उघडे राहतात आणि म्हणून त्यांच्याविषयी बोलता येते. सोमवारी तिन्ही गटांची एकत्र बैठक झाली. तिसऱ्या गटातील एका विद्यार्थिनीने बराच वेळ गप्प राहून सांगितले की, ती बाई करताना तिने आपल्या मावशीची नक्कल केली होती आणि रविवारी मावशी प्रयोग पाहायला आली नाही, याचे तिला बरे वाटले. त्या वाक्यानंतर वर्गात जी शांतता झाली, ती कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा अधिक परिणामकारक होती. शीघ्र नाट्यासाठी प्रयोगानंतरची चर्चा अनिवार्य मानावी लागेल ती यामुळेच. चर्चेशिवाय ते केवळ सवयींची उजळणी ठरेल.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वेळेची कमतरता हा नाट्यकृतीचा दोष नव्हे. मर्यादा सर्वांना समान असेल आणि निर्णय विद्यार्थ्यांच्याच हाती असतील, तर अल्प अवधी त्यांचे कर्तृत्व त्यांना परत मिळवून देऊ शकतो. दोन, वेगामागे साठा हवा. वर्षभर वाचन, निरीक्षण, बोलींचे श्रवण, जुन्या एकांकिकांचा अभ्यास नसेल, तर चोवीस तासांत हाती येतो तो साचाच. तीन, स्पर्धेला हा पर्याय नाही. दीर्घ तालमीतून मिळणारी शिस्त वेगळी आहे आणि ती आवश्यकच आहे. मात्र स्पर्धेच्या हंगामापूर्वी असा एक दिवस ठेवला, तर त्यातील एखादे बीज पुढे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या एकांकिकेत वाढू शकेल. बंद घराच्या चावीचे नाटक लिहिणारी विद्यार्थिनी सध्या त्याचा शेवट नव्याने लिहीत आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांक देण्याची तरतूद राज्यातील विद्यापीठांनी केली असून तीत प्रयोगकलांचाही समावेश आहे. हे श्रेयांक देताना आपण काय मोजणार, हा प्रश्न आता प्राध्यापकांपुढे प्रत्यक्ष उभा आहे. पारितोषिकांची प्रमाणपत्रे मोजणे सोपे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने जत्रेच्या रात्री उभे केलेले आख्यान, पहाटे फाडलेला पहिला आराखडा आणि सोमवारच्या चर्चेत मान्य केलेली चूक यांची नोंद करणारा रकाना मात्र आपल्या तक्त्यांत नाही. तो घालणे आपल्या हाती आहे. निदान दशावतारी विद्यार्थ्याला हजेरीबद्दल तिसरे पत्र जाण्यापूर्वी विभागाच्या बैठकीत हा विषय यावा, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.